समितीच्या खोलीत ऐकू आलेली घंटा

त्या दुपारी मतविभागणीची घंटा सभागृहात बसलेल्या प्रत्येकाने अखंड ऐकली. त्याच वेळी, त्याच बटणावरून वाजलेली तीच घंटा पहिल्या मजल्यावरच्या समितीच्या खोलीत बसलेल्या दोघांनी तुटक ऐकली.

विधानसभेच्या इमारतीत घंटा दोन कारणांनी वाजते. कामकाजाला लागणारी किमान उपस्थिती, म्हणजे कोरम, सभागृहात उरली नाही की ती तुटक वाजते: वाजते, थांबते, पुन्हा वाजते. एखाद्या प्रश्नावर नुसत्या ‘होय’, ‘नाही’च्या आरोळ्यांनी भागत नाही आणि प्रत्येक सदस्याचे मत मोजावे लागते, तेव्हा ती अखंड वाजते. ती थांबली की सभागृहाचे दरवाजे बंद होतात आणि बाहेर राहिलेला, मग तो मंत्री का असेना, बाहेरच राहतो. हा फरक नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी शिकवतात. त्यासोबत आणखी एक गोष्ट शिकवतात, जी कुठल्याही नियमात लिहिलेली नाही. कोरम राखणे ही सरकारची डोकेदुखी. तुटक घंटा वाजली की सत्ताधारी बाकांवरच्यांनी धावायचे. विरोधकांनी असतील तिथे, जमेल तितक्या आरामात, बसून राहायचे.

डॉक्टरबाई विरोधी बाकांवरच्या होत्या, आणि त्या दुपारी त्या बसून राहिल्या.

बाईंचे निम्मे आयुष्य एका लहान गावाच्या प्रसूतिगृहात गेले होते. विधानसभेत त्या नुकत्याच निवडून आल्या होत्या. सरकारने लहान रुग्णालये बंद करून ती मोठ्या रुग्णालयांना जोडण्याचे विधेयक आणले, तेव्हा विरोधकांनी त्याला एक दुरुस्ती सुचवली: प्रसूतिगृहे यातून वगळावीत. दुरुस्ती पक्षनेत्यांच्या नावावर होती, मजकूर बाईंचा होता. सरकारचे बहुमत काठावरचे होते आणि त्यांच्याच बाकांवर काही जण कुरकुरत होते. दुरुस्ती मंजूर होण्याची शक्यता खरोखरच होती. म्हणून पक्षाच्या प्रतोदांनी पक्षादेश काढला होता. पक्षादेश म्हणजे कोणत्या बाजूने मत द्यायचे याचा लेखी हुकूम. तो मोडला किंवा मतदानाला दांडी मारली, तर सदस्यत्व जाऊ शकते.

“सरकारचे वक्ते संध्याकाळपर्यंत दळण दळणार,” प्रतोदांनी सकाळी पक्षाच्या कार्यालयात सर्वांना सांगितले होते. “जेवणानंतर त्यांचे बाक रिकामे पडले की मी कोरमचा मुद्दा काढतो. तुटक घंटा वाजली तर आपल्यापैकी कुणीही आत यायचं नाही. पळू देत त्यांना. अखंड वाजली तर मात्र हातातला घास टाकून या.”

जेवणानंतर बाई आणि काका समितीच्या खोलीत भाषणाचा मसुदा घेऊन बसले. काका म्हणजे सभागृहातले सर्वांत जुने सदस्य. त्यांना डाव्या कानाने जेमतेम ऐकू येई आणि उजव्याने सोयीप्रमाणे. खोली जुनी इमारत आणि नवी इमारत यांना जोडणाऱ्या भागात, बरोबर मधोमध होती. शांत, जाड दाराची, दोन्हीकडच्या वर्दळीपासून दूर. बाई वाचत होत्या, काका पेन्सिलीने विशेषणे खोडत होते. तेवढ्यात घंटा वाजू लागली.

बाईंनी मान वर करून ऐकले. आवाज आला, गेला, पुन्हा आला.

“कोरम,” त्या म्हणाल्या.

“पळू देत,” काका म्हणाले आणि आणखी एक विशेषण खोडले.

घंटा थांबली. बाई वाचत राहिल्या. पण काहीतरी खटकत होते आणि काय ते कळत नव्हते. मग कळले. कोरम भरला की माणसे परत बाहेर पडतात, मार्गिकेत बोलणी ऐकू येतात, कुणीतरी सरकारवर विनोद करते. इथे चिटपाखरूही नव्हते. त्या उठल्या, जिन्यावरून खाली आल्या आणि सभागृहाच्या दारापाशी द्वारपालाने हात आडवा धरला.

“दरवाजा बंद झाला, बाई.”

“कोरमला दरवाजा कशाला बंद करता?”

“कोरम नाही. मतविभागणी.”

प्रसूतिगृहाच्या दारात उभे राहून नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना त्या स्वतः जो आवाज लावत, तोच आवाज द्वारपालाने लावला होता. दाराच्या काचेतून त्यांना आत दिसत होते: ‘होय’वाले उजवीकडे चालले होते, ‘नाही’वाले डावीकडे, आणि पक्षनेते मान वळवून रिकाम्या बाकांकडे पाहत होते. त्या पाहण्याचा अर्थ काचेबाहेरूनही समजत होता.

आत घडले ते असे. सरकारच्या वक्त्यांनी दळण दळलेच नाही. त्यांनी एकाएकी आपली नावे मागे घेतली आणि अध्यक्षांनी दुरुस्ती थेट मताला टाकली. मते समसमान पडली. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत. मते समसमान पडली तरच देतात, आणि तेव्हाही जे सभागृहाला बहुमताने बदलता आले नाही ते आपण एकट्याने बदलू नये, अशी प्रथा आहे. त्यांनी विधेयक आहे तसेच राहू द्यावे, असे मत दिले. दुरुस्ती पडली. आत एक माणूस जास्त असता तर ती मंजूर झाली असती. बाहेर दोघे होते.

“काय कबूल केलंय त्यांनी?” प्रतोदांनी कार्यालयाचे दार लावून घेतल्यावर विचारले. “राज्यमंत्रिपद? की एखादं महामंडळ?”

“घंटा तुटक वाजली,” बाई म्हणाल्या.

“मी आत होतो, बाई. तिने माझे कान किटवले. एका क्षणासाठी थांबली नाही.”

“आम्ही दोघांनी ऐकली. काका, सांगा ना.”

काकांनी चष्मा काढून पुसला. “बाई म्हणाल्या कोरम. मी म्हटलं, पळू देत.”

“म्हणजे तुम्ही ऐकलं की त्यांनी सांगितलं?”

काका विचारात पडले. “आता तसं विचारलंस तर,” काका अखेर म्हणाले, “नक्की नाही सांगता यायचं बाबा.”

पक्षाने दोघांविरुद्ध याचिका दाखल केली. करणे भागच होते. नाहीतर पुढच्या पक्षादेशाला कुणी भीक घातली नसती. अशा याचिकेचा निवाडा न्यायालय करत नाही, विधानसभेचे अध्यक्ष करतात, आणि ते निवडून आलेले असतात सत्ताधारी पक्षातून. म्हणजे फिर्याद स्वपक्षाची, न्यायासन परपक्षाचे, आणि दोघांनाही निकालाची सारखीच घाई. अध्यक्षांनी याचिका मान्य केली की बाईंची जागा रिकामी होणार होती. जागा जाणार याहून एक गोष्ट जिवाला अधिक खात होती: जिथे त्यांनी लोकांच्या दोन पिढ्या जन्माला घातल्या, त्या गावात त्यांचे नाव कायमचे ‘ऐन वेळी गायब झालेली’ असे पडणार होते.

ते पडायला सुरुवातही झाली होती. नणंदेचा फोन आला.

“वहिनी, माझा विश्वास आहे हं तुमच्यावर,” नणंद म्हणाली. बाईंच्या लक्षात आले, की विश्वास असलेले माणूस फोनवर पहिले वाक्य हे बोलत नाही. “फक्त इथे दुकानात बायका विचारतात, तर त्यांना काय सांगू?”

“घंटा तुटक वाजली म्हणून सांगा.”

“दुसरं काही नाही का सांगण्यासारखं?”

नवरा समोर बसून भाजी निवडत होता. तो भूमापक होता. आयुष्यभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून दोन्ही बाजूंच्या शिव्या खाण्याची त्याला सवय होती. फोन ठेवल्यावर त्याने वर न बघताच विचारले, “डुलकी नव्हती ना लागली तुला?”

“तूसुद्धा?”

“चिडू नकोस. हेच विचारणार आहेत तुला. माझ्यापाशी चिडून घे, तिथे चिडू नकोस.”

बाई चिडल्या नाहीत, कारण हाच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारून झाला होता. माणूस जे ऐकायला तयार असतो ते त्याला ऐकू येते, हे त्यांना रुग्णांच्या अनुभवावरून ठाऊक होते; त्या दुपारी त्या तुटक घंटेची वाट पाहत होत्या. आपण जे आठवतो ते ऐकलेले आहे, की नंतर स्वतःशी घोकघोकून पक्के केलेले? हे आतल्या आत तपासण्याचा काही मार्ग नव्हता. म्हणून त्या जुन्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. त्यांनी यंत्रावर तपासून सांगितले, “कान तुझे विशीतल्या मुलीसारखे आहेत.” हा निष्कर्ष बाईंच्या फायद्याचा नव्हता. कान खराब निघाले असते तर निदान एक कारण तरी हाती लागले असते.

“एक सांगू?” नवरा म्हणाला. “माझं एखादं माप जुळलं नाही, तर मी त्याच खुंटीवर, तीच दुर्बीण लावून पुन्हा बघतो. घरी बसून आठवत नाही बसत. तू ती घंटा त्या खोलीत पुन्हा ऐकलीस का?”

“ती अध्यक्षांच्या आदेशाशिवाय वाजत नाही.”

“मग अध्यक्षांकडे माग.”

सुनावणीच्या आदल्या दिवशी प्रतोदांचा फोन आला. आवाजात अचानक मध कालवलेला होता.

“डॉक्टर, काट्याचा नायटा करू नका. चक्कर आली होती, असं लिहून द्या. आजारपण हे गैरहजेरीचं चालणारं कारण आहे. पक्ष याचिका मागे घेईल. वरचेही मला तेच सांगतायत.”

“आणि काका?”

“काकांचं वय झालंय. त्यांचं काय ते बघू.”

‘बघू’चा अर्थ बाईंना आता समजू लागला होता. त्या आजारी असल्या तर काका धडधाकट ठरत होते, आणि धडधाकट माणसाने घंटा न ऐकण्याला कारण उरत नव्हते. शिवाय बाईंनी नोकरीत असताना खोट्या दाखल्यावर सही केली नव्हती, म्हणून त्यांची दोनदा बदली झाली होती. आता स्वतःलाच तो दाखला देणे त्यांना जमण्यासारखे नव्हते.

“मला चक्कर आली नव्हती,” त्या म्हणाल्या.

“मग या उद्या,” प्रतोद म्हणाले. मध संपला होता.

सुनावणी अध्यक्षांच्या दालनात झाली. सभागृहाला त्या दिवशी सुट्टी होती. इमारत रिकामी, मार्गिकांत पावले घुमत होती. टेबलामागे अध्यक्ष, शेजारी विधिमंडळाचे सचिव, एका बाजूला प्रतोद, दुसऱ्या बाजूला बाई आणि काका. कोपऱ्यात इमारतीचे विद्युत अभियंते बसले होते. घंटांची सारी व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि त्यांना साक्षीसाठी बोलावले होते. अध्यक्ष बोलण्यात कोरडे पण कामात काटेकोर म्हणून प्रसिद्ध होते. बाईंनी टेबलाखाली डाव्या हाताने उजव्या मनगटाची नाडी धरून ठेवली होती. ती धावत होती, हे कळायला मोजण्याची गरज नव्हती.

प्रथम सभागृहाचे ध्वनिमुद्रण लावले. अध्यक्षांचा आवाज, “मतविभागणीची घंटा वाजवावी.” मग घंटा. ती वाजतच राहिली. बाई जीव कानांत आणून ऐकत होत्या. आता थांबेल, आता थांबेल. ती थांबली, ती एकदम शेवटी.

“सदस्यांना आणखी काही ऐकायचं आहे?” अध्यक्षांनी विचारले.

अभियंत्यांनी साक्ष दिली: जुन्या इमारतीतला बझर आणि नव्या इमारतीतला बझर, दोन्ही रोज सकाळी तपासले जातात, त्या दिवशीही तपासले होते, दोन्ही ठीक होते. “बझर नवे आहेत, साहेब. जुन्या इमारतीत पूर्वी लोखंडी घंटा होती. दोन्हीकडचा आवाज वेगवेगळा येतो, सदस्यांचा गोंधळ होतो, म्हणून गृह समितीने शिफारस केली आणि मागच्या सुट्टीत दोन्हीकडे एकाच बनावटीचे बझर बसवले.”

“गृह समितीचे अध्यक्ष कोण होते?” अध्यक्षांनी विचारले.

अभियंते अवघडले. “काकाच होते, साहेब.”

“असेन,” काका म्हणाले. “सही केली असेल मी.”

प्रतोदांना हसू आवरले नाही. मग बाईंची पाळी आली.

“तुम्ही काय ऐकलंत, ते तुमच्या शब्दांत सांगा,” अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी घोकून ठेवलेले उत्तर ‘तुटक वाजत होती’ एवढेच होते. त्या बोलणार, इतक्यात त्यांना आठवले, की रुग्णाला त्या नेहमी बजावत: नाव नका सांगू आजाराचं, काय होतं ते सांगा. त्यांनी डोळे मिटले आणि ती दुपार पुन्हा कानांवर आणली. जे आठवले ते त्यांच्या बाजूचे नव्हते.

“खरं सांगायचं तर ती थांबत नव्हती,” त्या सावकाश म्हणाल्या. “कोरमची घंटा कापल्यासारखी थांबते. ही ओसरत होती. हळूहळू कमी व्हायची, जवळजवळ नाहीशी व्हायची आणि मग पुन्हा चढायची. कोरमचा मुद्दा निघणार हे मला माहीत होतं, म्हणून मी तिला कोरमची समजले. तेवढी घाई माझी.”

काकांनी बाईंकडे असे पाहिले, जणू त्यांनी चालत्या गाडीतून उडी मारली होती.

“म्हणजे कोरमचीही नव्हती!” प्रतोद म्हणाले. “अध्यक्ष महोदय, आता घंटा ओसरायला लागली. उद्या ती उगवेल आणि मावळेल. आणखी काही ऐकण्याची गरज मला वाटत नाही.”

कोपऱ्यातल्या अभियंत्यांनी मात्र पेन खाली ठेवले होते. “बाई,” ते म्हणाले, “ती चढउतार एका लयीत होती का? सारख्या अंतराने?”

“हो. म्हणून तर कोरम वाटलं.”

अभियंत्यांचा चेहरा बदलला. बाईंनी ते पाहिले आणि नवऱ्याचे वाक्य त्यांना आठवले.

“अध्यक्ष महोदय, माझी एकच विनंती आहे. आपण सर्वांनी त्या खोलीत बसावं आणि घंटा वाजवावी.”

खोलीत सगळे बसले. बाई त्यांच्या त्याच खुर्चीत, काका शेजारी. अभियंत्यांनी रोजच्या पद्धतीप्रमाणे तपासणीच्या फळीवरून जुन्या इमारतीतला बझर वाजवायला लावला. आवाज डाव्या बाजूने आला, स्पष्ट आणि अखंड. मग तो बंद करून नव्या इमारतीतला. आवाज उजवीकडून आला, स्पष्ट आणि अखंड. प्रतोदांनी सुस्कारा टाकला. अध्यक्षांनी खुर्ची मागे सरकवली. बाईंना वाटले, आपण खरोखरच स्वतःशी घोकून घोकून एक आवाज तयार केला आणि आता त्याच्यासाठी काकांनाही बुडवतो आहोत.

“झालं समाधान?” प्रतोद म्हणाले.

बाई उठल्या नाहीत. “त्या दिवशी या फळीवरून वाजवली होती का?” त्यांनी अभियंत्यांना विचारले.

“नाही. ही तपासणीची फळी. हिच्यावरून एका वेळी एकच बझर वाजतो. कुठला बिघडलाय ते कळावं म्हणून तशीच केली आहे.”

“आणि मतविभागणीला?”

“सभागृहात सचिवांच्या टेबलावरचं बटण. त्याने दोन्हीकडचे एकदम वाजतात.”

“रोज सकाळी ते बटण तपासता?”

“ते कसं तपासणार, बाई? ते दाबलं की सगळी इमारत मतदानाला पळत सुटेल.”

“मग त्या दिवशी जे केलं होतं, ते आपण अजून केलेलंच नाही,” बाई म्हणाल्या.

सचिव घसा खाकरून पुढे झाले. “अध्यक्ष महोदय, सभागृह चालू नसताना ती घंटा आजवर कधी वाजलेली नाही.”

“वाजवू नये असा नियम आहे?”

“नियम नाही. प्रथा आहे.”

अध्यक्षांनी क्षणभर टेबलाकडे पाहिले. याचिका फेटाळण्याइतके अजून त्यांच्या हाती काही नव्हते. मान्य करण्याइतके, ‘ओसरत होती’ या कबुलीनंतर, भरपूर होते. नुसते उठून जाणे त्यांना सोयीचे होते आणि पक्षाला त्याहून सोयीचे. बाईंना ते सगळे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता आले.

“घंटा माझ्या आदेशाने वाजते,” अध्यक्ष म्हणाले. “हा माझा आदेश. द्वारपालांना कळवा की दरवाजे बंद करू नका, आणि सभागृहातल्या टेबलावरचं बटण दाबा.”

सचिव गेले. अभियंत्यांनी उठून खोलीचे दार लावले. त्यानंतरची प्रतीक्षा बाईंना त्या साऱ्या दिवसांहून लांब वाटली. काकांनी आपला चांगला कान दाराकडे केला.

घंटा वाजू लागली. दोन्ही बाजूंनी एकदम, मोठ्याने, अखंड. प्रतोदांनी बाईंकडे पाहून भुवया उंचावल्या. आणि मग, त्या भुवया खाली येण्याआधीच, आवाज ओसरू लागला. कुणी पलीकडच्या खोलीत एकेक दार लावत जावे तसा तो कमी होत गेला, जवळजवळ नाहीसा झाला आणि पुन्हा चढला. ओसरला. चढला. एका लयीत, सारख्या अंतराने.

“कोरम,” काका म्हणाले, आणि या खेपेला ते कुणी त्यांना सांगितले नव्हते.

अभियंते दार उघडून जुन्या इमारतीकडे चालू लागले. “इथे अखंड आहे!” त्यांचा आवाज मार्गिकेतून आला. मग ते उलट दिशेने, नव्या इमारतीकडे गेले. “इथेही अखंड!” ते परत खोलीत शिरले, तेव्हा घंटा पुन्हा ओसरत होती.

प्रतोद आपल्या खुर्चीत तसेच बसून होते. तुटक घंटेला विरोधी बाकांवरचा जुना माणूस जसा बसून राहतो, तसेच. हे अध्यक्षांनी पाहिले आणि त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच काहीतरी हलले.

“प्रतोद महाशय, आपण उठला नाहीत?”

“कशासाठी?” प्रतोद म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आले. ते बाईंकडे वळून म्हणाले, “डॉक्टर, राज्यमंत्रिपदाचं मी बोललो ते…”

“महामंडळाचंही बोलला होतात,” काका म्हणाले. आता त्यांना दोन्ही कानांनी नीट ऐकू येत होते.

बाईंना हसायचे होते. पण त्या नुसत्या खुर्चीचा हात धरून बसून राहिल्या.

याचिका फेटाळली गेली. दोघांच्याही जागा राहिल्या. दुरुस्ती मात्र पडलेली ती पडलेलीच राहिली. दरवाजे बंद करून सभागृहाने दिलेला निर्णय घंटेच्या दोषामुळे रद्द होत नाही. तो बदलायचा तर नवे विधेयक आणून, नव्याने मत मोजूनच. बाई त्याच आठवड्यात तो मसुदा लिहायला बसल्या. नणंदेने पुन्हा फोन करून विचारले, “मग आता दुकानात काय सांगू?” तेव्हा बाईंनी तिला अध्यक्षांच्या निर्णयातला शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. तो अभियंत्यांच्या अहवालावर आधारलेला होता आणि त्यात लिहिले होते ते असे.

दोन्ही बझर एकाच बनावटीचे असले तरी त्यांचे सूर तंतोतंत सारखे नव्हते. एकाची कंपने दुसऱ्यापेक्षा किंचित जलद होती. असे दोन सूर एकत्र वाजले की काही क्षण त्यांचे चढ एकमेकांवर येतात आणि आवाज वाढतो. मग एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर येतो, दोघे एकमेकांना खातात आणि आवाज जवळजवळ नाहीसा होतो. हे ठळक ऐकू यायला दोन्ही आवाज सारखेच मोठे असावे लागतात, आणि तसे ते दोन इमारतींच्या बरोबर मधल्या त्या खोलीतच होते; इतरत्र जवळचा बझर दुसऱ्याला झाकून टाकत असे. पूर्वी एका बाजूला लोखंडी घंटा होती, तिचा सूर बझरशी जुळत नव्हता, म्हणून असे घडत नव्हते. सकाळच्या तपासणीत बझर एकेक करून वाजवले जात, म्हणून दोष दिसला नाही. कोरमची घंटा मुळातच तुटक वाजे, म्हणून तिच्यात तो लक्षात येत नसे. आणि मतविभागणीच्या वेळी, जेव्हा दोन्ही एकदम वाजत, तेव्हा घंटा सुरू होताच प्रत्येक जण खोली सोडून सभागृहाकडे धावत असे, म्हणून ती ओसरताना कुणी ऐकली नाही. ती ऐकण्यासाठी त्या खोलीत बसून राहावे लागत होते, आणि बसून राहिले ते दोघेच.